बांधाखालचं पाणी

पुणे, तोफखान्याची वस्ती
नाताळाचा चौथा दिवस, सन १७९३

प्रिय रेमेतबाय,

तुझ्या धाकट्या भावाचा, कैतानचा नमस्कार. मी आणि कतरीन, दोघं खुशाल. तू, तुझी मुलं आणि वसईची वाडी खुशाल असावी अशी देवबापाकडे मागणी.

बाय, या वर्षी नाताळची मिस्सा आपल्या स्वतःच्या देवळात झाली. श्रीमंत पेशव्यांनी जागा दिली होती तिथे आम्ही गोलंदाजांनीच भिंती उभ्या केल्या. भिंती मातीच्या, वर गवताचं छप्पर, पण वेदीच्या दोन्ही बाजूंना माझ्या बागेतले केळीचे खुंट उभे केले होते. गोव्याहून आलेले पाद्रीबाबा म्हणाले, कैतान, तुझ्या केळींनी देवळाला खांबांची उणीव भासू दिली नाही. पेठेतली मंडळी बाहेर उभी राहून बघत होती. नारायण पेठेतले एक शास्त्री म्हणाले, "गाणं बरं आहे, फक्त कळत नाही." पुण्यात याला कौतुक म्हणतात.

सरदारांनी तोफखान्यातल्या नोकरीबद्दल मला येरवड्याच्या अंगाला, नदीपलीकडे तो मुरमाड उतार दिला, तेव्हा लोक हसले होते. तू सुतार पाठवलास, त्याने वसईसारखा रहाट बसवला. लावणीला केळीचे मुनवेही तूच पाठवलेस. आज तिथे केळी आहेत, ऊस आहे, वांगी, पानवेल. शमशुद्दीन बागवान माल उचलतात. निम्मं उत्पन्न देवळाला जातं. पाद्रीबाबांचं जेवण, मेणबत्त्या, तेल, सगळं बागेवर चालतं. पुढच्या पास्काच्या, येशू पुन्हा उठल्याच्या सणापर्यंत छपरावर कौलं चढवायची असं ठरलं आहे.

शेजाऱ्याचं मात्र वाईट झालं. माझ्या बागेच्या खालच्या अंगाला गेनबाचं शेत आहे. काळीभोर जमीन, येरवड्यात तिच्यासारखी ज्वारी कुणाची येत नसे. दोन वर्षं झाली, पीक गुडघ्याच्या वर जात नाही आणि जमिनीवर पीठ सांडल्यासारखं पांढरं येतं. गावदेवाला बकरं दिलं, उपयोग नाही. गेनबाच्या मुलाचं, सोनबाचं लग्न नेमकं त्याच सुमारास झालं, त्यामुळे गाव त्या सुनेला, सगुणाला, पांढऱ्या पायाची म्हणतं. मुलगी चांगली आहे, माझ्या कतरीनशी तिचं जमतं. मी दर आठवड्याला त्यांच्याकडे केळ्यांची फणी पाठवतो. शेजारधर्म पाळलाच पाहिजे.

तुझा,
कैतान


वसई
माघ, सन १७९४

प्रिय कैतान,

येशूची कृपा तुझ्यावर असो. शमशुद्दीनभाईंच्या माणसाने पत्र दिलं. देवळाचं वाचून डोळे भरले. आपले वडील असते तर पायी पुण्याला आले असते.

त्या गेनबाचं वाचल्यापासून मात्र मला चैन नाही. माझ्या मनात एक गोष्ट आली आहे, ती खोटी ठरो.

लढाईत खाडीचा बांध फुटला तेव्हा आपल्या आजोबांची खालची वाडी खारी झाली होती, ते आठवतं का? तू तेव्हा जन्मला नव्हतास, मीही नव्हते, पण आजोबा ती जागा दाखवायचे. तिथलं पांढरं मी लहानपणी बोटाने चाटलं होतं. तू गेनबाच्या शेतातलं पांढरं जिभेला लावून बघ.

तुझ्याकडे खाडी नाही, समुद्र नाही. मग खार आला कुठून? तुझी केळी पिऊन उरलेलं पाणी जातं कुठे?

केळीला पाणी सोडून दे, हात आखडू नको, असं मीच तुला लिहिलं होतं. पण आपली जमीन वाळूची. पाणी टाकलं की खाली जातं आणि गोडच राहतं. तुझ्या त्या मुरमाखाली काय आहे, काळ्या मातीच्या पोटात काय आहे, मला ठाऊक नाही. बघून कळव.

त्या सुनेला माझा आशीर्वाद सांग.

तुझी,
रेमेत


पुणे
चैत्र, सन १७९४

प्रिय बाय,

पत्र पावलं. उत्तराला उशीर झाला, कारण इथे डोकं वर काढायला वेळ नाही. नव्या तोफा ओतून आल्या आहेत, त्यांची परीक्षा रोज चालते. एकीचं कान्यापाशी, बत्ती देतो त्या भोकापाशी, फुटणं थोडक्यात टळलं. माझ्याबरोबरचा दोमिंग भुवया भाजून घेऊन आला, आता तो सदा चकित झाल्यासारखा दिसतो. पास्काचा सण उत्तम झाला. कौलांना वर्षभर तरी लागेल, पण लाकूड आलं आहे.

माती जिभेला लावायचा पुण्यात रिवाज नाही. येरवड्यातली बरीच जमीन अशीच आहे म्हणतात. गावातले जुने लोक देवाचा कोप सांगतात, कुणी हवेचा दोष सांगतं. तू वसईत बसून माझ्या बागेचं पाणी मोजू नकोस. उन्हाळा कडक आहे, रहाट दिवसभर चालवावा लागतो.

सगुणा थोड्या दिवसांसाठी वाघोलीला माहेरी गेली आहे. कतरीनला करमत नाही.

मुलांना आशीर्वाद.

कैतान


वसई
वैशाख, सन १७९४

कैतान,

पत्र पोचलं. तोफांवर एवढं लिहिलंस आणि मी विचारलं त्यावर एक रिवाज सांगितलास.

शमशुद्दीनभाई स्वतः आले होते. त्यांना विचारलं. ते म्हणाले, "बाई, थोड्या दिवसांसाठी कसली? तिची भांडी गाडीत घालून तिला बापाच्या दारात सोडून आले. सोनबा गाडीमागून रडत चालला होता. दुसरी सून बघतायत."

हे तुला ठाऊक नव्हतं असं मी धरून चालू का?

आता ऐक. उन्हाळा आहे, आसपास सगळं कोरडं असेल. तुझ्या आणि गेनबाच्या बांधाला लागून कमरेएवढा खड्डा खण. कोरडा निघाला तर मी तुझी माफी मागेन आणि पुन्हा या गोष्टीचं नाव काढणार नाही. पाणी लागलं तर काही दिवस रहाट बंद ठेव आणि ते उतरतं का बघ.

देवबापाने पहिल्या माणसाला बागेत ठेवलं ते कसायला आणि राखायला, असं आई रोज संध्याकाळी सांगायची. तू कसतोस, ते मी बघतेच आहे.

रेमेत


पुणे
आषाढ, सन १७९४

प्रिय बाय,

तुला खोटं लिहिलं. खड्डा मी तुझं हे पत्र यायच्या आधीच खणला होता, चैत्रातच. जिभेला मातीही लावली होती. खारट होती.

गुडघ्याएवढं खणलं आणि पाणी आलं. भर उन्हाळ्यात, गावातल्या विहिरी तळाला गेलेल्या असताना, बांधाखालून पाणी झिरपत होतं आणि तेही खारट. रहाट बैलाला बरं नाही म्हणून बंद ठेवला. खड्डा आटला. पुन्हा चालू केला, पुन्हा भरला. माझ्या उतारावरून पाणी मुरमातून उतरतं, खाली काळ्या मातीत तुंबतं आणि तिच्या पोटातला खार वर आणतं. एवढं मला कळलं. मग मी खड्डा बुजवला.

पाद्रीबाबांपाशी बोललो. ते म्हणाले, अजाणता घडलं त्याला पाप म्हणत नाहीत.

बाय, पाऊस अजून आलेला नाही. रहाट थांबवला तर ऊस आठवड्यात मान टाकेल, केळी त्याच्या मागोमाग. मग पाद्रीबाबा खातील काय? ते परत गेले तर इथल्या लेकरांचा बाप्तिस्मा कोण करणार, मेलेल्याला माती देताना प्रार्थना कोण म्हणणार? दोमिंगला नुसतं आडून विचारलं, तर तो म्हणाला, "देवाचं घर अर्धं बांधून सोडणार? एका कुणब्याच्या ज्वारीसाठी?"

आता खरी गोष्ट. परवा गेनबा बागेत आला. मुंडासं हातात घेऊन उभा राहिला. म्हणाला, "कैतानराव, शेत तुमीच घ्या. तुमच्या हाताला यश हाय. माझ्यावर देव रुसलाय."

मी म्हणालो, "शेत देऊन तू काय करशील?"

"वाघोलीकडं कुणाच्या शेतावर राबंन. हितं राहून ते पांढरं बघवत न्हाई."

मी विचार करतो म्हणालो. आणि विचार करतो आहे. शेत माझ्याकडे आलं तर मी मधून चर काढीन, खारं पाणी नदीला नेऊन सोडीन, दोन-चार वर्षांत जमीन सुधारेल. गेनबाला योग्य मोबदला देईन. बागही राहील, देऊळही राहील. यात कुणाचं वाईट होत नाही असं मला वाटतं. तुला काय वाटतं ते लवकर लिही. झोप लागत नाही.

कैतान


वसई
श्रावण, सन १७९४

कैतान,

मला काय वाटतं ते तुला ठाऊक आहे, नाहीतर झोप लागली असती.

अजाणता होतं तोवर पाप नव्हतं. चैत्रापासून तू जाणून आहेस आणि रहाट चालू आहे. पाद्रीबाबांना हे सांगितलंस? की फक्त मागचं सांगितलंस?

चर काढून जमीन सुधारते हे तुला कळतं, तर तो चर गेनबाचं शेत गेनबाचं असतानाच का नाही काढत? तुझ्या पाण्याने शेत बिघडायचं, बिघडलं म्हणून ते तुला मिळायचं, आणि मग तू ते सुधारून त्यावर देवळाची कौलं चढवायची. गेनबा मुंडासं हातात घेऊन तुझ्यापुढे उभा राहिला आणि तू त्याला उभं राहू दिलंस.

आणि वाघोलीत एक मुलगी बापाच्या घरी बसून आहे. तिच्याबद्दल तुझ्या पत्रात एक अक्षर नाही.

गेनबाला जाऊन सांग. आधी ते कर, मग मला लिही.

रेमेत


वसई
माघ, सन १७९५

कैतान,

मी म्हटलं होतं आधी कर मग लिही, म्हणून वाट बघितली. श्रावणापासून एक ओळ नाही. नाताळ गेला.

शमशुद्दीनभाईंचा मुलगा येऊन गेला. म्हणाला, कैतानभाऊंची बाग आता खाली वाढतेय, गेनबाच्या शेतात वरपासून खालपर्यंत खुंट्या ठोकल्यात. म्हणजे घेतलंस.

मी हे आईला सांगितलं असतं तर तिने काय केलं असतं ते मला माहीत आहे. तिने तुझं नाव घेणं सोडलं असतं. मला तेवढं जमत नाही. पण वसईहून आता मुनवे येणार नाहीत, सुतार येणार नाही आणि माझं पत्रही येणार नाही. तुझ्या देवळात माझ्यासाठी मेणबत्ती लावू नकोस. ती कुठल्या पाण्यावर जळते ते मला माहीत आहे.

रेमेत


निजामावरच्या मोहिमेची छावणी
फाल्गुन, सन १७९५

प्रिय बाय,

तुझं पत्र कतरीनने जासुदाबरोबर छावणीत पाठवलं. तोफेच्या गाड्यावर बसून लिहितो आहे, अक्षर वाकडं आलं तर समजून घे.

शेत घेतलं नाही. त्या खुंट्या चराच्या होत्या. तुझं श्रावणातलं पत्र किती वेळा वाचलं ते सांगत नाही. शेवटी मार्गशीर्षात चराची रेघ आखली. गेनबाला वाटलं मी शेत घेणार म्हणून मोजतोय, तोही खुंट्या ठोकायला मदत करत होता. मी त्याला खरं काय ते सांगणार होतो. रोज उद्या सांगू म्हणत होतो. तेवढ्यात मोहिमेचा हुकूम आला. तुझ्यापासून आता काही लपवत नाही. हुकूम आला तेव्हा मला सुटल्यासारखं वाटलं. लढाईला जायला मिळतंय म्हणून सुटका वाटणारा गोलंदाज मी पहिलाच असेन.

पाद्रीबाबांनाही अर्धंच सांगितलं होतं. तू बरोबर ओळखलंस. त्यानंतर मी पापनिवेदनाला गेलोच नाही. मिस्सेला मागच्या बाजूला उभा राहतो.

काल इथे एक गोष्ट घडली. आमच्या तोफा एका हरभऱ्याच्या शेतातून नेल्या. घाटे भरलेले, काढणीला आलेलं पीक. आमच्या मागून बैल, उंट, घोडे. शेताच्या कडेला एक म्हातारा उभा होता. त्याने मला विचारलं, "तुमच्यात मुख्य कोण? हे कुणाला सांगायचं?" मी जमादाराकडे बोट दाखवलं. जमादाराने पुढच्या स्वाराकडे दाखवलं. म्हातारा प्रत्येकापुढे जाऊन तेच विचारत होता आणि जो तो पुढे बोट दाखवत होता. शेवटी सैन्य संपलं आणि तो एकटा त्या रस्त्यावर उरला. मी मागे वळून बघितलं, त्याने पाठ वळवली होती.

गेनबाने तर कुणाला विचारलंही नाही. त्याने देवाला विचारलं आणि उत्तर मला ठाऊक होतं.

उद्या-परवा मोठी लढाई होणार म्हणतात. हे पत्र पोचलं आणि मी पोचलो नाही, तर तू पुण्याला ये आणि गेनबाला सगळं सांग. सगुणालाही.

कैतान


वसई
चैत्र, सन १७९५

माझ्या कैतान,

लढाई आपण जिंकलो अशी बातमी आली. तू कसा आहेस ती बातमी नाही. ज्याला त्याला विचारते आहे.

खुंट्यांबद्दल मी चूक बोलले. ऐकीव गोष्टीवर तुझ्याशी नातं तोडायला निघाले होते. तू मोहिमेवर असताना ते पत्र तुझ्या हाती पडलं, हे मनातून जात नाही.

पण तुझ्या वतीने गेनबाला सांगायला मी येणार नाही. कितीही वेळा लिहिलंस तरी नाही. ते तूच सांगायचं आहे, म्हणून तुला यावंच लागेल. मी रोज एवढंच मागते.

माझ्या वतीने मात्र एवढं सांग, की रहाट पाठवला तो मी. भरपूर पाणी दे म्हणून लिहिलं ते मी. तुझ्या यशाचं चार ठिकाणी कौतुक सांगत फिरले तीही मीच. तिथली जमीन कशी आहे हे विचारायचं मला सुचलं नाही, केळी वर येताहेत एवढं मला पुरलं. गेनबाला म्हणावं, वसईच्या एका बाईचाही यात हात आहे. मागे लिहिलं होतं सुतार येणार नाही म्हणून. तो निघाला आहे. चर काढायचं काम त्याला येतं, आजोबांच्या वाडीतले चर त्याच्या घरच्यांनी काढले.

जिवंत आहेस एवढं तरी कळव.

तुझी,
रेमेत


पुणे
ज्येष्ठ, सन १७९५

प्रिय बाय,

जिवंत आहे. डाव्या कानाने ऐकू येत नाही, तोफेच्या आवाजाने पडदा गेला. बाकी धड आहे. कतरीन म्हणते, आता माझं न ऐकायला तुम्हाला खरं कारण मिळालं.

परत आलो त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी गेनबाकडे गेलो. तो बांधावर बसला होता. मला बघून उठला आणि लढाईची विचारपूस करू लागला. मी म्हणालो, "गेनबा, खाली बस. तुझं शेत देवाने बिघडवलं नाही. माझ्या रहाटाच्या पाण्याने बिघडलं."

मग सगळं सांगितलं. पाणी कसं उतरतं, कसं तुंबतं, खड्डा, बुजवलेला खड्डा. तुझं पत्र घरी आलेलंच होतं, तुझा निरोपही सांगितला. मला वाटलं होतं तो जमिनीचं विचारेल, भरपाईचं विचारेल. त्याने विचारलं, "कवापासनं ठावं हाय?"

"गेल्या सालच्या चैत्रापासून."

"म्हंजी आमी पोरीला घालवली, तवा तुमाला ठावं हुतं."

"होतं."

बाय, त्याने मला मारलं असतं तर बरं झालं असतं. तो नुसता शेताकडे बघत राहिला. मग म्हणाला, "मला सांगून काय उपेग? जिला घालवली तिला जाऊन सांगा. आनि माझ्या बांधावरनं उठा."

सोनबाला बरोबर घेऊन वाघोलीला गेलो. सगुणाचे वडील सर्जेराव चावडीवर होते, चार माणसं बसली होती. आम्हाला बघून ते उठून जायला लागले. मी तिथेच उभा राहून मोठ्याने सांगितलं, की तुमच्या मुलीच्या पायाने काही झालेलं नाही, येरवड्याचं ते शेत माझ्या पाण्याने नासलं आणि हे मला ठाऊक असताना मी गप्प राहिलो. कुणीतरी म्हणालं, सरकारचा गोलंदाज चूक कबूल करतो हे नवंच. कुणी हसलं नाही.

सर्जेराव घरी घेऊन गेले. सगुणा दारात आली. ती आता पूर्वीसारखी दिसत नाही, फार वाळली आहे. तिने माझं सगळं बोलणं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "मोटे धीराचे तुमी. वरीसभर गप बसायला धीर लागतो."

मी बाजूला झालो, सोनबाला पुढे येऊ दिलं.

सोनबा तिला घरी चल म्हणाला, तर ती त्याला म्हणाली, "तू गाडीच्या मागं रडत आलास. गाडीच्या म्होरं येऊन हुबा का न्हाई राह्यलास?" मग मला म्हणाली, "हितं बोललात तसं येरवड्याच्या चावडीवर बोला. ज्यांनी मला पांढऱ्या पायाची म्हटली त्यांच्या म्होरं. मग बघू."

येरवड्याच्या चावडीवर बोललो. पाटील होते, गेनबाची बायको होती, देवाला बकरं कापायला सांगणारा भगत होता. भगत म्हणाला, किरिस्तावाचं पाणी, दुसरं काय होणार. पाटील त्याला म्हणाले, "पाणी नदीचंच होतं. तू बकरं खाल्लंस ते सांग."

आठवड्याने सगुणा आली. सासू भाकरतुकडा ओवाळायला दारात उभी होती. सगुणा दाराकडे गेलीच नाही, आधी शेतात उतरली. अनवाणी, या टोकापासून त्या टोकापर्यंत चालली. मग तशीच खारट धुळीच्या पायांनी उंबरठा ओलांडून आत गेली. सारवलेल्या जमिनीवर पावलं उठली. सासूने ती पुसली नाहीत, भाकरीचा तुकडा हातात धरून तशीच उभी राहिली.

आता इकडचं. ऊस काढून टाकला. केळी थोडी ठेवली, मोटेने देता येईल तेवढ्याच पाण्यावर. वरच्या उतारावर तूर आणि बाजरी घेणार, आणि एक तुकडा या वर्षी पडीक ठेवणार. सरदारांच्या कारभाऱ्याचा निरोप आला, की बाग दिली ती फळांसाठी, बाजरीसाठी नाही, आणि मर्जी फिरली तर बाग दुसऱ्याला जाईल. जाईल तर जाईल असं लिहायला सोपं आहे. मला भीती वाटते. दुसरा येईल तो पुन्हा रहाट जोडेल.

दोमिंग बोलत नाही. देवळावर गवतच राहणार आहे. पाद्रीबाबांना या वेळी सगळं सांगितलं. ते म्हणाले, मी दीड वर्ष तुझी केळी खाल्ली, मलाही एक कुदळ दे. दुपारपर्यंत त्यांच्या हाताला फोड आले, पण दुसऱ्या दिवशी चिंध्या बांधून पुन्हा आले. त्यांना आता शमशुद्दीनभाई पीठ पाठवतात. का पाठवता म्हणून विचारलं, तर म्हणाले, "वर्षानुवर्षं तुमच्या बागेवर मीही कमावलंच की."

तुझा सुतार पोचला. त्याने चराची उतरण बघून दिली. माझ्या बागेचा एक पट्टा गेनबाच्या शेताखालून नदीपर्यंत जातो, त्यातून आम्ही नदीच्या बाजूने खणत वर निघालो. त्यासाठी पानवेलीचा सगळा मांडव काढावा लागला. त्याच दिवशी गेनबाने आपल्या शेताच्या वरच्या टोकाकडून खणायला सुरुवात केली. माझ्याशी तो बोलत नव्हता. सुतारामार्फतही बोलत नव्हता. सकाळी मी यायच्या आधी त्याची कुदळ सुरू असे आणि मी गेल्यावरही आवाज येत राही. सगुणा आणि सोनबा माती बाहेर टाकायचे. सुतार म्हणतो, चर नीट वाहिला तरी पावसाने धुऊन धुऊन जमीन गोड व्हायला पाच वर्षं लागतील, जास्तच. काही भाग कदाचित येणारच नाही. हेही मी गेनबाला सांगितलं. त्याने कुदळ थांबवली नाही.

काल दोन्ही चर समोरासमोर आले. मधे हातभर माती राहिली होती. ती मी माझ्या बाजूने पाडली आणि पलीकडे गेनबा दिसला, कंबरेपर्यंत चरात, अंगभर चिखल. त्याच्या बाजूला साचलेलं पाणी माझ्या पायांवरून खाली निघालं, हळूहळू, मग जोराने. आम्ही दोघं ते बघत उभे राहिलो. मला वाटलं तो आता निघून जाईल. त्याने माझ्या चराकडे वरपासून खालपर्यंत नजर टाकली आणि महिन्याभरात पहिल्यांदा बोलला.

"तुमचा चर वाकडा आलाय."

मी खोरं उचललं आणि सरळ करायला लागलो.

तुझा,
कैतान